उत्तर येईल असं पत्र: वृद्धाश्रमातल्या ज्येष्ठांशी वर्षभराचा पत्रव्यवहार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. महाविद्यालयाच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या ४० विद्यार्थ्यांनी जवळच्या वृद्धाश्रमातल्या २५ ज्येष्ठांना पत्रं लिहिली. वाटप झालं, फोटो निघाले, एकदोघांच्या डोळ्यांत पाणीही आलं. पण महिनाभरात उत्तरं आली सहा. आता हा उपक्रम वर्षभर चालवायचा आहे आणि जमल्यास शेवटी आठवणींची पुस्तिका करायची आहे, तर पहिल्या वेळी काय चुकलं आणि पुढे काय करावं? सोबत तुम्ही तीन पत्रं नमुन्याला जोडली आहेत, त्यामुळे नेमकं सांगता येईल.

तिन्ही पत्रांत माया भरपूर आहे, मागणी एकही नाही. ‘तुम्ही आमचे आधारवड’, ‘औषधं वेळेवर घ्या’, ‘आशीर्वाद असू द्या’. हे वाचून माणूस सुखावतो, पत्र उशाखाली ठेवतो आणि विषय संपतो. त्याला उत्तर काय देणार? ‘आशीर्वाद’ एवढंच. वृद्धाश्रमात राहणाऱ्या माणसाचा सगळा दिवस घेण्यात जातो. चहा हातात येतो, गोळ्या हातात येतात, वाढदिवसाला कुठलंसं मंडळ फळं वाटून जातं. आपल्याकडचं काही कोणाला हवंय, असं त्याला महिनोन्महिने कोणी जाणवून दिलेलं नसतं. तुमच्या पत्राने नेमकं तेच करायचं आहे. पत्र देणारं नको, मागणारं हवं. लहानसं, पण खरंच लागणारं काहीतरी मागा. मागितलेलं मिळालं की ते वापरा आणि वापरून काय झालं ते पुढच्या पत्रात कळवा. मागणं, वापरणं, कळवणं या तीन पावलांवर पत्रव्यवहार चालतो. कागद, पेन, पाकीट, वाटपाचा वार ही सगळी पुढची व्यवस्था या तीन पावलांसाठीच आहे.

मागायचं काय, इथे सगळ्यांत जास्त वेळ घाला.

‘तुमच्या बालपणाबद्दल सांगा’ हा प्रश्न ऐकायला छान आहे, पण त्यावर कोणालाच लिहिता येत नाही. कुठून सुरुवात करायची? ‘तरुण पिढीला काय संदेश द्याल?’ हा त्याहून वाईट. त्यावर सगळ्यांकडून एकच उत्तर येतं: मोबाइल कमी वापरा, आईवडिलांना विसरू नका. त्यात तो माणूस कुठे दिसतच नाही. आणि पहिल्या पत्रात कधीही विचारू नये असा प्रश्न म्हणजे ‘तुमची मुलं कुठे असतात?’ तुमच्या तीनपैकी दोन पत्रांत तो आहे. विद्यार्थ्याने भाबडेपणाने विचारला हे मान्य, पण न आलेल्या उत्तरांपैकी काही तिथेच अडली असणार. ‘इथे कसं वाटतं?’ हाही टाळा. कर्मचारी पत्रं वाचतात हे त्यांना माहीत असतं, त्यामुळे खरं उत्तर देता येत नाही.

मागण्यासारखं म्हणजे हाताने केलेलं काम. माणसाला आपल्या साधारण दहा ते तीस या वयातलं इतर काळापेक्षा जास्त आणि जास्त स्पष्ट आठवतं, हे स्मरणशक्तीच्या अभ्यासकांना पक्कं ठाऊक आहे. उतारवयात मागे वळून आयुष्याचा हिशेब लावावासा वाटणं स्वाभाविक आहे, ते खुळावल्याचं लक्षण नव्हे, हे रॉबर्ट बटलर या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञाने १९६३ सालीच मांडलं. तेव्हा समोरच्याचं जन्मसाल विचारून घ्या आणि त्यात दहा ते तीस मिळवा. १९४२ चा जन्म असेल, तर १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले तेव्हा पंधराचं वय होतं, महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा अठराचं आणि १९७२ च्या दुष्काळात तिशीचं. या तीन घटनांतून पहिल्या पत्राला नवे पैसे घ्या. रुपयाचे सोळा आणे किंवा चौसष्ट पैसे होते, त्याचे शंभर नवे पैसे झाले. म्हणजे आण्याला सव्वासहा पडतात, आणि पाव नवा पैसा तर अस्तित्वातच नाही. मग दुकानदार आण्याचे सहा धरायचा की सात? हा प्रश्न विचारून पाहा. ज्यांनी चार आणे घेऊन वाण्याकडे खेपा घातल्यात त्यांना यावर बोलायचं असतंच. दुष्काळ, पूर, भूकंप, गिरणी संप हे विषय पहिल्या तीन-चार पत्रांत काढू नका. पानशेतच्या पुरात किंवा किल्लारीच्या भूकंपात कोणाचं काय गेलंय, आपल्याला माहीत नसतं. त्यांनी स्वतः काढलं तर मात्र विषय बदलू नका.

असे चांगले प्रश्न शोधायला फार लांब जावं लागत नाही. विहिरीवरून पाण्याच्या रोज किती खेपा व्हायच्या, आणि चुंबळ कशाची करायचे? एका पायलीत शेर किती, आणि शेराखाली मापटं, चिपटं, कोळवं यांत काय काय मोजायचे? पावकी, निमकी, सवायकी, दिडकी पाठ होती का, आणि औटकी अजून येते का? औट म्हणजे साडेतीन. मराठी शाळेत शिकलेल्या पंच्याहत्तरीच्या पुढच्या माणसाला ‘औटकी लिहून द्या, आमच्यातल्या एकालाही येत नाही’ असं सांगा. कालचं जेवण न आठवणाऱ्यांनाही कधीकधी ती सलग येते, कारण पाठांतर वेगळ्या कप्प्यात बसलेलं असतं. वयाने आणखी मोठ्या कोणी मोडी शिकलेली असेल, तर मोडीत सही मागा. बायकांना ‘आठवणी सांगा’ म्हटलं की त्या हमखास म्हणतात, आमचं काय सांगण्यासारखं! त्यांना जात्यावरची ओवी मागा. हेमा राईरकर आणि गी पॉयटवँ या संशोधकांच्या कामातून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या नोंदल्या गेल्या. त्या गाणाऱ्यांपैकी कित्येकींनी आयुष्यात पाटीवर अक्षर काढलं नव्हतं.

आता पहिलं पत्र कसं दिसावं ते पाहा. नक्कल करून ४० जणांना वाटू नका, फक्त बांधणी बघा.

॥ श्री ॥
ता. ७ जुलै
ती. स्व. काकांना,
सा. न. वि. वि.
काल आमच्याकडे सात तास वीज नव्हती. माळ्यावरून जुना कंदील काढला, तर काच पार काळी. साबणाने दोनदा धुतली, तरी धुरकटच. तुमच्या घरी काच कशाने पुसायचे? आणि ते काम कोणाच्या वाटणीला असायचं?
सोबत पत्ता घातलेलं आंतरदेशीय पत्र आहे. दोन ओळी पुरेत.
कळावे, लोभ असावा.
ता. क. मायना बरोबर जमला का? चुकला असेल तर दुरुस्त करून कळवा.

एवढंच. एक प्रसंग, एक अडचण, एक प्रश्न आणि त्याला जोडून दुसरा, ज्यातून माणूस दिसेल. ‘काच कशाने पुसायचे’ याचं उत्तर राखुंडी आणि जुन्या धोतराचा तुकडा असं येईल. ‘काम कोणाच्या वाटणीला’ याच्या उत्तरात आत्या येईल, धाकटा भाऊ येईल, काच फुटल्यावर मिळालेला मार येईल. पण अडचण खरी हवी. घरात कंदील नसेल तर कंदिलाचं लिहू नका. विद्यार्थ्याचं बटण तुटलंय, वसतिगृहात भात करपतोय, मातीच्या कुंडीतली तुळस जळतेय, असं रोजच्या जगण्यातलं काहीही चालतं. बनवलेला प्रश्न मोठी माणसं एका वाचनात ओळखतात, आणि त्यानंतर पुढच्या प्रश्नांवरचा विश्वासही जातो.

ताजा कलमातला मायन्याचा प्रश्न मुद्दाम आहे. या पिढीला मायना काटेकोर शिकवलेला आहे. तीर्थरूप फक्त आईवडिलांना, त्यांच्यासारख्या इतर वडीलधाऱ्यांना तीर्थस्वरूप. साष्टांग नमस्कार मोठ्यांना, सप्रेम नमस्कार बरोबरीच्यांना. विद्यार्थ्याकडून यात चूक होणारच, ती लपवू नका, दुरुस्ती मागा. कित्येकदा पहिलं उत्तर त्या दुरुस्तीपुरतंच येतं. पाकिटावर मात्र अंदाजाने ‘सौ.’ लिहू नका आणि ‘गं. भा.’ तर मुळीच नको. ‘श्रीमती’ आणि ‘श्री.’ पुरे. ‘आजी-आजोबा’ हेही सरसकट नको. चाळीस वर्षं शाळेत शिकवलेल्या बाईंना अनोळखी मुलाने ‘आजी’ म्हटलेलं आवडेलच असं नाही. कोणाला बाई, कोणाला गुरुजी, कोणाला मावशी, कोणाला नुसतं काका हवं असतं. आधी विचारून एका कागदावर टिपून ठेवा. ‘प्रिय आजी-आजोबांनो’ असं सगळ्यांना मिळून लिहिलेलं पत्र कोणाचंच नसतं. तुमच्या पहिल्या खेपेत अशी किती होती ते एकदा बघा.

दुसरं पत्र पहिल्यापेक्षा महत्त्वाचं. उत्तर आलं की पंधरा दिवसांच्या आत त्यातली एक गोष्ट करून बघायची आणि कळवायची: राखेने पुसली, काच आरपार दिसायला लागली, पण कडेला तडा गेला, ओली असतानाच पेटवली म्हणून असेल का? आता ते काका चुकलेल्या पोराला शिकवायला बसतात. ‘तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला, तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं’ असं लिहिलंत तर पुन्हा आशीर्वादाशिवाय हाती काही लागत नाही. माझ्या मते बहुतेक उपक्रम बंद पडतात ते तिसऱ्या पत्राच्या आसपास, आणि त्याचं कारण दुसऱ्या पत्रात असतं. विद्यार्थ्याने आलेलं उत्तर समोर न ठेवता नवं पत्र लिहिलेलं असतं. नियम करा की पत्र लिहिताना आलेलं पत्र टेबलावर उघडं हवं, आणि त्यातला निदान एक शब्द, त्यांचाच, आपल्या पत्रात यायला हवा.

कागदाचं बघू. साठीनंतर मोतीबिंदू, काचबिंदू, पडद्याचे विकार यांमुळे आधी जातो तो गडद-फिकटातला फरक ओळखण्याचा बारकावा. फिकट निळं गुळगुळीत कागदावर दिसत नाही, प्रकाश चमकतो. पांढरा किंवा किंचित पिवळसर, न चमकणारा कागद घ्या, शाई काळी. हाताने लिहिणार असाल तर अक्षर नेहमीच्या दीडपट आणि दोन ओळींमध्ये एक ओळ मोकळी. संगणकावर टाइप करायचं तर १८ पॉइंट हे कमीत कमी, आणि ओळींतलं अंतर दीडपट. देवनागरीत हे अंतर इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा, वेलांट्या एकमेकांत घुसतात आणि मंद नजरेला ‘मी’ आणि ‘मि’, ‘कुल’ आणि ‘कूल’ सारखेच दिसतात. ठळक टाइप संपूर्ण पत्राला वापरू नका, अक्षरांची पोटं भरून जातात. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. मागची शाई पुढे उमटली की वाचन तिथेच थांबतं. या मापाने एका पानावर सव्वाशे ते दीडशे शब्द बसतात, आणि तेवढंच पत्र हवं.

एकाच पानाचं आणखी एक कारण टपालाचं आहे. १०० जीएसएमचा (चौरस मीटरला १०० ग्रॅम भरणारा) एक ए-४ कागद सव्वासहा ग्रॅम भरतो. पाकीट चार-पाच ग्रॅम आणि आत उत्तरासाठी ठेवलेलं कोरं आंतरदेशीय पत्र तीन-चार ग्रॅम. एकूण साधारण १५ ग्रॅम. साध्या पाकिटाला २० ग्रॅमपर्यंत ५ रुपये लागतात. दुसरा कागद घातलात की वजन वीसच्या पुढे जाऊ शकतं. तिकीट कमी पडलं तर ‘नॉटपेड’ पत्राचे दंडासकट पैसे ज्याला पत्र आलं त्याच्याकडून मागितले जातात. आजोबांना पोस्टमनला सुटे पैसे शोधून द्यावे लागणं, यासारखी नाचक्की नाही. उत्तराच्या आंतरदेशीय पत्रावर महाविद्यालयाचा पत्ता पिनकोडसह आधीच लिहून द्या आणि सांगून ठेवा की त्यात फोटो किंवा चिठ्ठी घालायची नाही, आंतरदेशीय पत्रात काही घालायला परवानगी नसते. ज्यांना फक्त चार ओळी लिहायच्या आहेत त्यांना ५० पैशांचं पोस्टकार्डही सोयीचं. पण पोस्टकार्ड सगळे वाचतात, तेव्हा निवड त्यांची. लहान टपाल कार्यालयात ही कार्डं एकदम शंभर मिळतील याची खात्री नसते, आधी सांगून ठेवा.

वृद्धाश्रम चालत दहा मिनिटांवर असला, तरी पत्र पोस्टानेच पाठवा असा माझा आग्रह आहे. स्वयंसेवकाने गठ्ठा आणून वाटला की तो कार्यक्रम होतो. पोस्टमनने नाव घेऊन हाक मारली की ते त्या माणसाचं टपाल होतं.

लिहिणारे हात थरथरत असतील तर बारीक पेन देऊ नका. जाड दांड्याचं पेन घ्या, किंवा साध्या पेनाला स्पंजची पट्टी गुंडाळून बोटभर जाड करा. कागदाखाली पॅड हवं, मांडीवर वही डगमगते. पार्किन्सन असलेल्यांचं अक्षर ओळीगणिक लहान होत जातं. त्यांना कोऱ्या कागदापेक्षा ठळक आखलेला, रुंद ओळींचा कागद द्या. शाळेतल्या दुरेघी वहीसारखी रेघ असेल तर उत्तम, कारण वरच्या रेघेला अक्षर टांगायची आणि खालच्या रेघेपर्यंत उतरवायची सवय लहानपणीची असते.

ज्यांना लिहिता येत नाही किंवा नजर साथ देत नाही त्यांच्यासाठी लेखनिक लागतो. सहाच उत्तरं आली त्यामागे हे मोठं कारण असणार: बाकीच्यांपैकी कितीजण स्वतः लिहू शकतात, हे कोणी पाहिलेलं नव्हतं. लेखनिक म्हणून पत्रमैत्रीतला विद्यार्थी नको, दुसरा द्या, नाहीतर पत्राचं अंतरच उरत नाही. वेळ सकाळी दहा ते साडेअकरा. जेवणानंतर डोळा लागतो आणि संध्याकाळी थकवा आणि गोंधळ वाढतो. चष्मा डोळ्यांवर आहे ना, श्रवणयंत्र चालू आहे ना, दूरदर्शन संच बंद आहे ना, हे बसण्याआधी पाहा. आलेलं पत्र आधी सलग वाचून दाखवायचं, मग एकेक प्रश्न. उत्तर जसं बोललं गेलं तसंच उतरवायचं. ‘म्या ग्येलो व्हतो’ असं सांगितलं तर ‘मी गेलो होतो’ करायचं नाही. वऱ्हाडी असो, मालवणी असो, अहिराणी असो, ती बोली हाच त्या पत्राचा आवाज आहे. शुद्ध केलेलं पत्र वाचून दाखवलं की माणूस म्हणतो, ‘हे काय मी सांगितलेलं नाही.’ मधे शांतता पडली तर दहापर्यंत मनात मोजा. तरुण मुलं तीन सेकंदांत पुढचा प्रश्न टाकतात आणि नेमकं येऊ घातलेलं वाक्य परत जातं. शेवटी सगळं वाचून दाखवा आणि ‘यातलं काही काढायचं का?’ असं विचारा.

आणि अंगठा उठवून घेऊ नका. हौसेने काहीजण शाईचा पॅड नेतात. अंगठा म्हणजे आयुष्यभराची लाज, आणि जमिनीच्या कागदांची भीतीही. सहीच्या जागी चार ठिपक्यांची रांगोळी काढू द्या, पंज्याची रेघ काढू द्या, नाहीतर नुसतं नाव तुम्ही लिहा.

संख्येचं गणित असं बसवा. आधी २५ जणांना भेटून ‘पत्र आलेलं आवडेल का?’ हे खरोखर विचारा. नाही म्हणण्याचा हक्क त्यांना आहे आणि दोन-चार जण नाही म्हणतील. समजा २० राहिले, तर ४० विद्यार्थ्यांच्या २० जोड्या करा. एका ज्येष्ठाला दोघे, आळीपाळीने लिहिणारे. एक आजारी पडला, गावी गेला तरी साखळी तुटत नाही. पत्राचा वार ठरवा, समजा दर दुसऱ्या आणि चौथ्या सोमवारी. जुलै ते फेब्रुवारी आठ महिन्यांत सोळा फेऱ्या होतात. वीस पत्रांप्रमाणे ३२० पाकिटं, ५ रुपयांनी १६०० रुपये. तितकीच आंतरदेशीय पत्रं अडीच रुपयांनी ८०० रुपये. कागद आणि पाकिटं धरून तीन-साडेतीन हजारांत वर्ष निघतं. मार्च ते मे परीक्षा आणि सुट्टी असणार, हे पहिल्याच पत्रात लिहून टाका. न सांगता पडलेला एवढा खंड तरुणाला सुट्टी वाटतो, वाट पाहणाऱ्याला तो आपलंच काहीतरी चुकलं असा वाटतो. ‘भेटायला येईन’ असं पत्रात लिहायचं नाही. यायचं तर उपक्रमाच्या समन्वयकाला विचारून, तारीख नक्की करूनच लिहायचं. योजनेच्या वर्षाच्या १२० तासांत हे काम जरूर धरा, पण ‘एका पत्राचे इतके तास’ असा हिशेब लावू नका. मग पत्रं रतीब घातल्यासारखी येतात.

वृद्धाश्रमात या कामाची जबाबदारी नावानिशी एका माणसाकडे हवी. बहुतेक ठिकाणी आलेलं टपाल कार्यालयाच्या खणात जातं आणि वेळ मिळेल तेव्हा खोलीत पोचतं. तुमच्या पहिल्या खेपेतली काही उत्तरं लिहून तयार असतील आणि पेटीत टाकायला कोणी नसेल, हेही विचारून घ्या. दाराशी एक बंद पेटी ठेवा आणि दर गुरुवारी ती रिकामी करून टपालात टाकायचं काम एका सेवकाकडे द्या.

स्मृतिभ्रंश असलेल्यांना पत्रातून प्रश्न विचारू नका. ‘आठवतं का?’ हा शब्द त्यांच्यासाठी परीक्षा आहे, ज्यात नापास व्हायचंच असतं. त्यांच्यासाठी वेगळी बैठक घ्या. अमेरिकेतल्या अ‍ॅन बेस्टिंग यांनी १९९० च्या दशकात वृद्धाश्रमांत जी पद्धत रुजवली तिचं सार असं की आठवायला सांगू नका, रचायला सांगा. सहा ते आठ जण गोलात, पाऊण तास, मधे एक मोठं चित्र. ओळखीच्या माणसाचं किंवा देवाचं नको, ज्याचं बरोबर उत्तरच नाही असं. समजा एसटीच्या थांब्यावर कोंबडी घेऊन बसलेली बाई. ‘हिचं नाव काय ठेवू या? कुठे निघाली? कोंबडीला तिकीट लागतं का?’ जे उत्तर येईल ते मोठ्या कागदावर शब्द न शब्द लिहायचं, विसंगत असलं तरी. एकाने नाव सगुणा सांगितलं, दुसऱ्याने काशी, तर दोन्ही लिहा. कोणी नुसती चाल गुणगुणली तर ‘इथे गाणं म्हटलं’ असं लिहा. दर चार उत्तरांनी सुरुवातीपासून वाचून दाखवायचं. ही गोष्ट मग विद्यार्थ्यांना पत्राने पाठवायची आणि त्यांनी पुढचा तुकडा लिहून परत पाठवायचा. ज्यांना कालचं आठवत नाही त्यांचाही अशा रीतीने पत्रव्यवहारात वाटा राहतो.

काही गोष्टी आधीच ठरवून ठेवाव्या लागतात. विद्यार्थ्याचा घरचा पत्ता, मोबाइल क्रमांक पत्रात द्यायचा नाही. पैसे, खातं, ओटीपी, इच्छापत्र यांचा विषय कोणत्याही बाजूने निघाला तर पत्र थेट समन्वयकाकडे. पहिली काही पत्रं समन्वयक वाचणार असेल तर तसं दोघांनाही सांगा, चोरून वाचू नका. पत्रात मारहाण, उपासमार, पैसे काढून घेणं असं काही दिसलं तर विद्यार्थ्याने उत्तर लिहित बसायचं नाही. ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, ती लावायची जबाबदारी तुमची. जगण्याचा कंटाळा आल्याचं लिहिलं असेल, तर त्याच दिवशी जाऊन भेटा. मानसिक आधारासाठी १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे.

वर्षभरात त्या वीसपैकी कोणी ना कोणी जाईल, हे विद्यार्थ्यांना पहिल्याच बैठकीत सांगा. पत्रं टाकायच्या आदल्या दिवशी वृद्धाश्रमात फोन करून प्रत्येक नावाची चौकशी करायची, हा नियम एकदाही मोडू नका. ज्या पाकिटावर ‘मयत’ असा शेरा मारून ते परत येतं, ते एकोणीस वर्षांच्या मुलीच्या हातात पडू नये. बातमी समन्वयकाने समोर बसून द्यायची, गटावर मेसेज टाकून नाही. आलेली पत्रं विद्यार्थ्याची, ती त्याच्याकडेच राहतात. विद्यार्थ्याने लिहिलेली पत्रं कुटुंबाने मागितली तर विद्यार्थ्याला विचारून द्यायची. आणि त्या जोडीला लगेच दुसरा ज्येष्ठ ‘देऊ’ नका. एक फेरी जाऊ द्या.

पुस्तिकेचं काम फेब्रुवारीत सुरू करा, आधी नको. छापायचं म्हणून पत्रं मागितली की ती छापण्यासारखीच येतात. जे छापायचं ते आधी त्या व्यक्तीला वाचून दाखवायचं आणि तीनपैकी एक पर्याय लिहून घ्यायचा: नावासकट, नावाशिवाय, किंवा छापू नका. गोष्टीत आलेल्या भावजयीचं, शेजाऱ्याचं नाव काढायचं का, हेही विचारा. चार ए-४ कागद मधोमध दुमडून पिना मारल्या की ए-५ आकाराची १६ पानांची पुस्तिका होते. त्यात १६ पॉइंटच्या खाली जाऊ नका, मग भले दोन भाग करावे लागोत. पहिल्या प्रती ज्यांच्या गोष्टी आहेत त्यांच्या हातात, प्रकाशनाच्या आधी.

राहिले पहिल्या खेपेत उत्तर न दिलेले एकोणीस. त्यांना माफीचं किंवा आठवणीचं पत्र पाठवू नका. येत्या सोमवारी प्रत्येकाला नावाने एक जोडकार्ड पाठवा, उत्तराचं कार्ड पत्त्यासह चिकटवून. त्यावर मोठ्या अक्षरांत एकच प्रश्न हवा आणि तो त्या माणसाच्या कामाचा हवा. शिवणकाम केलेल्या मावशींना ‘काज हाताने करताना दोरा गुंतू नये म्हणून काय करता?’ एसटीत चालक असलेल्या काकांना ‘घाटात समोरून गाडी आली तर आधी कोणी थांबायचं?’ कोणी काय काम केलंय हे माहीत नसेल, तर सोमवारच्या आधी एकदा जाऊन ते तेवढं विचारून या.